मोजणारे कोण आणि गुदमरणारे कोण?

सेप्टिक टँकमध्ये गुदमरून कामगार मेल्याची बातमी आली की आपल्या चळवळीचा पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. पोलीस ठाण्यासमोर ठिय्या, गुन्हा दाखल करण्याची मागणी, भरपाईचा अर्ज, मग शोकसभा. हे सगळे आम्हीही केले आहे आणि पुढेही करावे लागणार आहे. पण अशाच एका प्रकरणात आम्ही सत्यशोधनाला गेलो असताना आमच्यातल्या एका कार्यकर्तीने तिथल्या अधिकाऱ्याला साधा प्रश्न विचारला, "माणूस आत उतरण्याआधी वायू कोणी मोजला होता?" साहेब गोंधळले. वायू मोजायचा असतो हेच त्यांच्या गावी नव्हते. यंत्र मात्र कार्यालयात होते. कपाटात, खोक्यातून बाहेरही न काढलेले.

त्या दिवसापासून आमचा वाद आमच्याशीच चालू आहे. मेलेल्यांची मोजदाद आपण करतो. मग हवा मोजणाऱ्याच्या खुर्चीबद्दल आपण कधी का बोलत नाही?

'पर्यावरणीय आरोग्य' हा शब्द जड आहे, काम रोजचे आहे. नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक, कारखाना निरीक्षक, अन्न सुरक्षा अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी, पाण्याचे नमुने तपासणारा प्रयोगशाळेतला माणूस, दवाखान्यातल्या जैववैद्यकीय कचऱ्यावर लक्ष ठेवणारा. खाती वेगळी, कायदे वेगळे, काम एकच: माणूस ज्या हवेत, पाण्यात, अन्नात आणि कामाच्या जागेत जगतो ती तपासायची, मोजायची, नोंद करायची. आणि यातल्या अनेकांच्या हातात एक हत्यार असते. धोका दिसला तर काम थांबवण्याचे, नोटीस बजावण्याचे, खटला भरण्याचे. आमच्या मते सगळी गोम या शेवटच्या अधिकारात आहे. आपल्या वस्तीकडे झाडू आला, खराटा आला, पाटी आली. हा अधिकार आला नाही.

चेंबरमध्ये होते काय, हे आपल्यापैकी अनेकांना नीट माहीत नसते. मैला सडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, म्हणून लोकांना वाटते की वास आला तर धोका, नाही आला तर सुरक्षित. प्रत्यक्षात उलट घडते. हवेत त्याचे प्रमाण साधारण १०० पीपीएमपर्यंत गेले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. ७०० च्या पुढे गेले तर माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. वरून डोकावणाऱ्याला काही जाणवत नाही. एक कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि बातमीत एकाच टाकीत तीन मृत्यू येतात. शिवाय मिथेन असतो, आणि ऑक्सिजन कमी झालेला असतो. चार वायूंचे साधे मीटर दोरीला बांधून खाली सोडले तर मिनिटभरात हे सगळे आकड्यांत दिसते. मीटर नाही म्हणून आपला कामगार काय करतो? झाकण उघडून ठेवतो, भिंतीवर झुरळे जिवंत आहेत का बघतो. कोणी पेटती काडी टाकून पाहतो, आणि मिथेन असेल तर तीच काडी जीव घेते. पिढ्यान्पिढ्या जीव देऊन मिळवलेले हे ज्ञान आहे, पण त्याला ना प्रमाणपत्र, ना पगारवाढ.

आता हीच टाकी कारखान्याच्या आवारात आहे असे समजा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातले कलम ३६ सांगत असे की, विषारी वायूचा संभव असलेल्या टाकीत सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला दिल्याशिवाय कोणाला उतरवू नये. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र हवे, कमरेला पट्टा हवा आणि दोरीचे टोक बाहेर माणसाच्या हातात हवे. कारखान्यांत हे सगळे पाळले जाते असे आमचे म्हणणे नाही. तिथेही सांडपाण्याच्या टाकीत कंत्राटी कामगारच मरतो. पण तिथे निदान मोजणारा कोण, हे कायद्याच्या कागदावर कित्येक वर्षांपूर्वी ठरले. गटारात उतरणाऱ्यासाठी धोकादायक सफाईवर बंदी घालणारा कायदा यायला २०१३ उजाडले.

तोच वायू, तेच फुप्फुस. मग इतका उशीर का? कारण या देशात घाण हा आरोग्याचा प्रश्न नव्हताच, तो विटाळाचा प्रश्न होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सवर्णांनी १०८ घागरी वापरून शेण, गोमूत्र, दूध, दह्याने ते तळे 'शुद्ध' केले. पिण्याच्या पाण्यात शेण मिसळणे हे शुद्धीकरण आणि तहानलेल्या माणसाचा स्पर्श हे प्रदूषण! ज्या समाजाची शुद्धतेची कल्पना ही, त्याला वायू मोजायची गरज कशाला वाटेल? त्याच्या दृष्टीने गटारात उतरणारा आधीच 'दूषित' आहे. (मुंबईचे देवनार डम्पिंग ग्राउंडही १९२७ चेच. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहातून दिसला. गोवंडीच्या वस्त्यांना तो पाहायला उपग्रह लागला नाही.)

बाबासाहेबांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे आपण जयंतीच्या भाषणांत फारसे सांगत नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात ते झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले, कामगारांची घरे पाहिली. त्यांच्याच कार्यकाळात कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. मंत्र्याने दया दाखवली एवढाच याचा अर्थ नाही. कामाच्या जागेची तपासणी ही राज्याची जबाबदारी आहे, ही त्यामागची भूमिका आहे.

आमच्या बैठकांत यावर एक आक्षेप हमखास येतो. "आजोबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, महारकी सोडली. आता शिकलेल्या पोरांनी पुन्हा घाणीचाच विषय घ्यायचा?" आक्षेप खोटा नाही, त्यात स्वाभिमान आहे. पण आपण काम सोडले म्हणून घाण संपली नाही. ती रुखी, मेहतर, वाल्मीकी, मातंग आणि परगावाहून आलेल्या कंत्राटी पोरांच्या डोक्यावर गेली. आणि मुंबई-पुण्याच्या सफाई खात्यांत आजही बौद्ध कामगार थोडे नाहीत. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळते. ती कोणी काढून घेऊ लागला तर आम्ही रस्त्यावर उतरू, कारण आज कंत्राटदारीच्या काळात तीच एक पक्की नोकरी उरली आहे. पण बी.एस्सी. झालेली मुलगी वडिलांच्या जागी हजेरीला उभी राहते आणि तिच्यावर देखरेख करणारा निरीक्षक तिच्यापेक्षा कमी विज्ञान शिकलेला असतो, हेही आम्ही पाहतो. रसायनशास्त्र तिला येते. मीटर तिच्या हातात का नको?

अभ्यासिकेतली आपली मुले राज्यसेवेच्या मागे सहा-सहा वर्षे घालवतात. त्यातल्या किती जणांना माहीत आहे की अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्वच्छता निरीक्षकाची पदविका देते? शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे, जिथे औद्योगिक सुरक्षेचे शिक्षण मिळते आणि एम.बी.बी.एस. झालेल्यांना औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम करता येतो? राज्यसेवा सोडा असे आमचे सांगणे नाही. फक्त तहसीलदाराच्या स्वप्नाशेजारी हेही एक स्वप्न असू द्या.

खुर्चीवर आपला माणूस बसला की प्रश्न सुटला, असेही नाही. कपाटातले यंत्र कपाटातच ठेवणारा साहेब आपल्यातलाही निघू शकतो, आणि निघाला तर त्यालाही तोच प्रश्न विचारायचा. म्हणून नोकरीबरोबर दबाव हवा. २०१३ च्या कायद्यातले कलम २० निरीक्षक नेमण्याची तरतूद करते. आपल्या शहरात तो निरीक्षक कोण? त्याने मागच्या वर्षात किती ठिकाणी तपासणी केली? वायुमापक यंत्रे किती आहेत, त्यांचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले? माहिती अधिकारात एवढेच चार प्रश्न टाकायचे. गटारमृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. त्या रकमेपुढे मीटरची किंमत किरकोळ आहे, म्हणजे अडचण पैशाची नाही.

आम्ही आमच्या नगरपालिकेत अर्ज टाकला आहे, मुदत अजून संपायची आहे. दरम्यान एका निवृत्त कारखाना निरीक्षकांना विहारात बोलावले आहे. ते स्वतःचे मीटर घेऊन येतील आणि चेंबरचे झाकण उघडून, वरूनच, वायू मोजून दाखवतील. त्यांनी फोनवर विचारले, पोरे किती येतील? आम्ही म्हटले, वीसेक. शिवाय कोठीवरचे चार कामगारही येणार आहेत, त्यातले एक तीस वर्षे चेंबरमध्ये उतरलेले. साहेब म्हणाले, मग त्यांना पुढे बसवा, मलाही काही विचारायचे आहे.