तबकड्या शहरात, स्मृती भंगारात

ध्वनिमुद्रिकांचा बाजार जगभर पुन्हा तेजीत आला आहे. अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइलच्या सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या, तर सीडींची विक्री ३ कोटी ३० लाखांच्या आसपास थांबली. तबकडीने सीडीला संख्येत मागे टाकण्याची १९८७ नंतरची ती पहिलीच वेळ होती. आपल्याकडे २०१६ मध्ये मुंबईचे ऱ्हिदम हाऊस बंद पडले, तेव्हा अनेकांनी संगीताच्या दुकानदारीचेच मृत्युलेख लिहिले होते. आज त्याच शहरात तबकड्यांची नवी दुकाने आहेत, आणि २०२४ पासून मुंबईत तबकड्या छापण्याचे कामही पुन्हा सुरू झाले आहे. चोरबाजारातील जुन्या मालाला तरुण गिऱ्हाईक मिळू लागले आहे.

हे पुनरुज्जीवन स्वागतार्हच आहे. मात्र त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो कोणी विचारताना दिसत नाही. नवी तबकडी कारखान्यात तयार होते. जुनी तबकडी कोणाच्या तरी घरातूनच बाहेर पडते. वाडा पाडताना, वाटणी होताना, म्हातारे माणूस गेल्यावर माळा रिकामा करताना ती बाहेर येते आणि भंगारवाल्याच्या गाड्यावरून महानगराकडे निघते. या प्रवासात ती वाचते असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्या प्रवासात बरेच काही गळून पडते, आणि जे गळते ते नेमके जिल्ह्याचे असते.

उदाहरणादाखल हिंगोली जिल्हा घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा संगीताच्या नकाशावर कोणाला आठवणार नाही. तेथे ध्वनिमुद्रण करणारी कंपनी नव्हती, गायक-वादकांचे मोठे घराणे नव्हते. तरीही भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासाशी या जिल्ह्याचा एक धागा जुळलेला आहे. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात येते. नामदेवांचे अभंग हा मराठी तबकडीचा एक मोठा विषय राहिला आहे. राम फाटक यांची चाल आणि पंडित भीमसेन जोशी यांचा स्वर लाभलेले ‘तीर्थ विठ्ठल’ घराघरांत पोहोचले. माणिक वर्मा यांनी गायिलेला नामदेवांचा अभंगही तितकाच लोकप्रिय झाला. नर्सीच्या संताचे शब्द पुण्या-मुंबईच्या गायकांनी गायचे, कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात त्यांची तबकडी व्हायची आणि ती पुन्हा मराठवाड्यातल्या एखाद्या लग्नमंडपाच्या कर्ण्यातून वाजायची, असा हा प्रवास होता.

या प्रवासामागचा इतिहास थोडा पाहावा लागेल. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गोहरजानचा आवाज मुद्रित केला. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. गाणे संपताच कलाकार स्वतःचे नाव उच्चारी, ते तेथील कामगारांना तबकडी ओळखता यावी म्हणून, असे सांगितले जाते. १९०८ मध्ये सियालदह येथे आणि १९२८ मध्ये डमडम येथे कारखाना आला. पुढे मुंबईत ‘यंग इंडिया’सारखी देशी मुद्रिकाही निघाली. १९३१ च्या ‘संगीत कान्होपात्रा’तील बालगंधर्वांचे अभंग, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव, गजानन वाटवे हे सारे तीन-सव्वातीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीतच बसवले गेले. हिंगोलीला लागून असलेल्या वऱ्हाडातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनी गायिली, तिच्या तबकडीने मराठी भावगीताचा पाया घातला. मेहकरच्या कवीचे नाव मुंबईला कळायला तबकडी कारणीभूत झाली, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

ही लाखही आपल्या ओळखीची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून ती मिळते आणि तिच्यात दगडाची पूड, काजळी मिसळून ७८ फेऱ्यांची तबकडी बनत असे. पाश्चात्त्य देशांनी पन्नाशीच्या दशकात ही तबकडी सोडली. भारतात ती साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली. कारण खेड्यात वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन विजेवाचून चालत असे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला हे विशेष लागू पडते.

तेव्हा अशा जिल्ह्यातील जुन्या पेटीत काय असू शकते, याचा अंदाज बांधता येतो. नाट्यपदे आणि अभंग असतील. हैदराबादकडून आलेल्या उर्दू कव्वाल्या असतील. चित्रपटगीते तर असणारच. आणि सत्तरच्या दशकातील, सात इंची, ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या असतील: प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, शाहीर साबळे. मराठवाड्यातील आंबेडकरी वस्त्यांत भीमगीतांच्या तबकडीने काय काम केले, त्याचा अभ्यास अजून व्हायचा आहे. ज्यांना छापील पुस्तक परवडत नव्हते वा वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत विचार पोहोचविणारे ते माध्यम होते.

महानगरातील बाजाराला यातले काय हवे असते? राहुल देव बर्मन यांच्या चित्रपटांच्या एलपी, परदेशी रॉक, थोडे शास्त्रीय. बाकीचा माल ‘प्रादेशिक’ म्हणून ढिगात जातो. लाखेच्या तबकडीला तर गिऱ्हाईक कमीच, कारण ती आजच्या यंत्रावर सरळ वाजत नाही. काही वेळा ती भिंतीवरची शोभा होते. म्हणजे बाजार निवड करतो आणि ती निवड शहराच्या आवडीची असते. शिवाय पेटी फुटली की ती कोणत्या गावात, कोणाच्या घरात, कोणत्या क्रमाने जमली हे कायमचे पुसले जाते. सुटी तबकडी दुसरीकडेही मिळेल. वसमतच्या एका व्यापाऱ्याने किंवा कळमनुरीच्या एका लाऊडस्पीकरवाल्याने पंचवीस वर्षांत काय काय विकत घेतले, त्याची यादी दुसरीकडे मिळणार नाही. जिल्ह्याने काय गायिले हे तबकडीत फारसे नाही. जिल्ह्याने काय ऐकले, ते मात्र आहे.

कायदा येथे मदतीला येत नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. त्याच्या व्याख्येत छापील स्वरलेखनाचा कागद येतो, नकाशा येतो. ध्वनिमुद्रिका येत नाही. गाण्याचे नोटेशन जपायचे आणि गाणे जपायचे नाही, अशी ही तऱ्हा! परिणामी मराठी तबकड्यांची संपूर्ण सूची सरकारकडे नाही. जे काम झाले ते हौशी मंडळींनी केले. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, तिच्यासाठी सुरेश चांदवणकर यांनी घेतलेले कष्ट आणि ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी सिद्ध केलेल्या सूची नसत्या, तर पहिल्या काही दशकांची साधी मोजदादही आपल्याला करता आली नसती.

जपणुकीचा प्रश्न तांत्रिकही आहे आणि येथे अज्ञानाने होणारे नुकसान बाजारापेक्षा कमी नाही. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली की संपली. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ती मऊ ब्रशने झाडावी, फार मळली असेल तर शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, कागदी लेबल न भिजवता धुवावी आणि लगेच वाळवावी. व्हिनाइलचे शत्रू वेगळे. हिंगोलीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून अधिक. तेथे आडव्या रचलेल्या एलपी वाकणारच. त्या उभ्या, एकमेकींना टेकून न राहता, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवाव्यात. पावसाळ्यात बुरशी धरते. जुने प्लास्टिकचे आतले वेष्टण बदलणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात धुळीबद्दल वेगळे सांगायला नको. सुईच्या टोकाखाली बारीक पूड आली की ती खाचेची भिंत घासत जाते.

यंत्राच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी वाजवून पाहिली जाते. त्याच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असतो आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. एलपीला आजच्या कार्ट्रिजचा दीड-दोन ग्रॅम भार पुरतो. एकदाच वाजवली तरी ती एलपी पुन्हा ऐकण्याजोगी राहत नाही. उलट, एलपीची सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाला घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यासाठी सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. ‘आमच्या तबकड्या खराब झाल्या आहेत’ असे म्हणून टाकून दिलेल्या कित्येक तबकड्या केवळ चुकीच्या सुईच्या बळी असतात.

एचएमव्ही फिएस्टा किंवा गॅरार्डचे यंत्र बंद पडले की ते ‘गेले’ असे समजले जाते. बहुतेकदा वंगण घट्ट झालेले असते, रबरी चाक कडक झालेले असते किंवा पट्टा सैल पडलेला असतो. जुने वंगण पुसून मोटारीच्या बेअरिंगला हलके तेल, चाकाची साफसफाई आणि नवी सुई एवढ्यावर यंत्र फिरू लागते. खरी अडचण कारागिराची आहे. रेडिओ दुरुस्त करणारी पिढी तालुक्याच्या गावांतून निवृत्त झाली आणि तिच्यामागे कोणी आले नाही. बाजारात मिळणारा चकचकीत पितळी भोंग्याचा ‘अँटिक’ ग्रामोफोन हा बहुधा जोडाजोडीचा माल असतो. तो दिवाणखान्यात ठेवावा, त्यावर मूळ तबकडी ठेवू नये.

या सगळ्यात अनुकूल अशी एक गोष्ट आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९६४ आणि त्यापूर्वीच्या तबकड्यांवरील कंपनीचा हक्क आता उरलेला नाही. (संगीतकार आणि गीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो, हे पाहावे लागते, संतांच्या शब्दांपुरता तरी तो प्रश्न नाही.) अमेरिकेला १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे मुक्त करण्यासाठी २०१८ मध्ये नवा कायदा करावा लागला आणि ती २०२२ मध्ये मुक्त झाली. आपल्याकडे वाट आधीच मोकळी आहे. चालणारे कोणी नाही.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी अनुदानित ग्रंथालये उभी आहेत. त्यांच्याकडे जागा आहे, नोंदवही ठेवण्याची सवय आहे आणि मुख्य म्हणजे गावाचा विश्वास आहे. जिल्ह्याच्या एका ग्रंथालयाला दोन प्रकारच्या सुया बसणारे चांगले टर्नटेबल, संगणकाला जोडायचे उपकरण आणि एक कपाट दिले, तर आरंभ होऊ शकतो. आवाज २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने उतरवावा आणि खरखर काढून टाकलेली प्रत वेगळी ठेवावी. मूळ प्रतीला हात लावू नये. तबकडी घरमालकाला परत द्यावी. नोंदीत लेबलवरील मजकूर, मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक, आणि ती कोणाकडून, केव्हा, कशासाठी घेतली होती ही माहिती असावी. शेवटची माहिती सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

हिंगोलीचा सार्वजनिक दसरा आणि त्यानिमित्त भरणारे प्रदर्शन प्रसिद्ध आहे. पंचक्रोशीतील माणूस त्या दिवसांत शहरात येतोच. त्या प्रदर्शनात एक टेबल, एक यंत्र आणि एक नोंदवही ठेवून ‘घरातील तबकडी आणा, ऐका आणि परत न्या’ एवढे आवाहन करायला शासनाच्या आदेशाची गरज नाही.