पळणारा सभासद आणि आपले रस्ते



आपल्या कार्यक्षेत्रातील एक सभासद, वय वर्षे ४६, अडीच एकर ऊस आणि दोन म्हशी एवढा प्रपंच, गेल्या हिवाळ्यात ड्युएथलॉन नावाच्या शर्यतीत उतरले आणि ती पुरी करून आले. नंबर आला नाही. आपल्या वयोगटात शेवटून चौथे आले. त्यामुळे हार नाही, सत्कार नाही, चौकात फलक नाही. गावात चर्चा मात्र भरपूर झाली आणि ती बहुतेक टिंगलीची. "ऊस तोडीला आलाय आन ह्यो गडी चड्डी घालून पळतोय," हे वाक्य मी स्वतः चहाच्या गाड्यावर तीनदा ऐकले. त्यांचे नाव इथे देत नाही. त्यांनीच "दादा, नाव नको, पुन्हा नवं निमित्त मिळंल लोकास्नी" म्हणून सांगितले.

ही शर्यत म्हणजे काय, ते पुष्कळांना ठाऊक नाही. आधी धावायचे, मग सायकल, मग पुन्हा धावायचे. पोहणे यात नाही. पोहणे आले की तिला ट्रायथलॉन म्हणतात आणि ती २००० सालापासून ऑलिंपिकमध्ये आहे. ड्युएथलॉन तिथे नाही. रूढ अंतर १० किलोमीटर धाव, ४० किलोमीटर सायकल आणि शेवटी ५ किलोमीटर धाव. लहान शर्यत बरोबर याच्या निम्मी. स्वित्झर्लंडमध्ये झोफिंगेन गावी १९८९ पासून जी शर्यत भरते, तिच्यात १० धावून १५० किलोमीटर सायकल आणि वर पुन्हा ३० धावायचे असते. ते आपण सोडून देऊ. कोल्हापुरातही ट्रायथलॉनच्या जोडीने ड्युएथलॉन झालेली आहे, तेव्हा हे काही फक्त परदेशातले खूळ नाही.

आपले सभासद उतरले ते लहान शर्यतीत, म्हणजे ५, २० आणि अडीच. एकूण वेळ १ तास ३८ मिनिटे. यात एक गंमत अशी की घड्याळ मध्ये थांबत नाही. धावून आल्यावर सायकल घ्यायची, तो वेळही धरला जातो. घाईने सायकलीला हात घालावा तर पंच अडवतो, कारण हेल्मेटचा पट्टा आधी लावलेला पाहिजे. आणि सायकलवरून उतरून पुन्हा पळायला लागले की पाय आपले राहत नाहीत. ते म्हणाले, "पाणी सोडलेल्या सरीतनं चिखलाच्या पायांनी चालावं तसं हुतंय बघा. पहिला किलोमीटर नुसता वढायचा." शेतकऱ्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

टिंगल करणाऱ्यांचे म्हणणे दोन तऱ्हेचे आहे. एक, शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, रानात काय कमी कष्ट आहेत? हे म्हणणे आपल्या वडिलांच्या काळी खरे होते. मोट गेली, त्यानंतर बैलही गेले. आज मोटार ऑटो स्टार्टरवर किंवा मोबाइलवर चालू होते, नांगरट ट्रॅक्टर करतो, तोडणी बीड-उस्मानाबादकडची (आताच्या धाराशिवकडची) माणसे येऊन करतात आणि आपण बांधापर्यंत मोटारसायकलने जातो. कष्ट राहिले ते बहुतांशी त्यांच्या अंगावर, आणि चहात साखर राहिली आपल्या. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहू नये कदाचित, पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. आपल्या गटात रोज गोळी घेणारे किती, ते ज्याने त्याने आपल्या आळीत मोजावे. हे सभासद पळू लागले तेही डॉक्टरांनी कागद हातात दिल्यावरच.

दुसरे म्हणणे, नंबर येत नाही तर पळायचे कशाला? कुस्तीच्या मुलखात हा प्रश्न साहजिक आहे. आपल्याला गदा दिसते, जिंकलेला पैलवान दिसतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, त्याचा अभिमान आपण सांगतो आणि सांगावाच. पण त्यांना तिकडे पाठवायला गावोगाव वर्गणी गोळा करावी लागली होती, आणि ती लोकांनी दिली ती पदक यायच्या आधी. तालमीतसुद्धा माती अंगाला लावणाऱ्या शंभरांतला एखादाच फडात नाव काढतो. बाकीच्या नव्व्याण्णवांना आपल्या आज्यांनी कधी रिकामटेकडे म्हटले नाही. त्यांना खुराक दिला.

पळण्यात नाव काढले ते मात्र दुष्काळी तालुक्यांनी. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने त्याच प्रकारात २०२२ ला राष्ट्रकुलचे रौप्य आणि २०२३ ला आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणले. ज्या भागातून आपल्या फडात टोळ्या येतात तो हा भाग. पाणी आले आणि आपले पाय गेले, असे म्हणू नये. पण मनात येते.

आता मुख्य गोष्ट. ही शर्यत लागते हिवाळ्यात आणि तिचा सराव पहाटे. दिवसभर कामे असतात, दूध डेअरीला घालायचे असते, म्हणून साडेचार-पाचला बाहेर पडावे लागते. नेमका तोच आपला गळीत हंगाम. आधीच्या हंगामात एका पहाटे हे सभासद सायकलवरून येत असताना वळणावर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. ट्रॅक्टर सोडवून नेलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची टोके रस्त्यावर दीड हात बाहेर आलेली. ते वाचले ते हेल्मेट होते म्हणून. मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर. पुढच्याच वर्षी त्याच हाताने हँडल धरून त्यांनी २० किलोमीटर सायकल मारली, हे चहाच्या गाड्यावर कुणी बोलत नाही.

त्या ट्रॉल्या कुणाच्या होत्या ते मी लिहीत नाही. ड्रायव्हरला शिव्या देऊनही भागणार नाही. त्याला पैसे टनावर, म्हणून भरती जादा. यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र जागून काढायची, मग झोप उडवायला मोठ्या आवाजात गाणी. त्या आवाजात मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण असल्या उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो आणि पान उलटतो. पळणारा एक असेल. त्याच वेळी त्याच रस्त्याने दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे असतात, शिकवणीला जाणाऱ्या पोरी असतात, फिरायला निघालेले म्हातारे असतात. अंधारात बैलगाडी हाकणाऱ्या तोडणीवाल्या बाया असतात. त्यांच्या गाडीलाही मागे काही चमकत नाही, आणि ट्रक त्यांच्यावरही येतोच.

हंगामाच्या सुरुवातीला गव्हाणपूजनाच्या दिवशी चार गाड्यांना लाल पट्टी चिकटवून फोटो काढला जातो. ती पट्टी पाचटाच्या घाशीने पंधरा दिवसांत जाते. माझे म्हणणे एवढेच की वजनकाट्यावर गाडी रिकामी होऊन परत निघते, तिथेच एक माणूस पट्टीचा रोल घेऊन बसवावा. पट्टी नाही तर पुढची चिठ्ठी नाही. बिघडलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर सोडली तर गट ऑफिसला फोन, आणि गट ऑफिसने तिच्या मागे दिवा ठेवायची जबाबदारी घ्यायची. खर्च फार नाही, शिस्त लागेल.

काही मंडळी म्हणतील, कारखान्याचे काम साखर काढणे, शर्यतीची सोय बघणे नव्हे. शर्यतीसाठी मी एक पैसा मागत नाही. लाखाच्या वरच्या सायकली घेऊन शहरातली मंडळी येतात, आपले सभासद जुनी गिअरची सायकल दुरुस्त करून गेले, त्याचीही तक्रार नाही. रस्ता मात्र कारखान्याच्या उसाने अडतो, तेव्हा तो मोकळा आणि उजेडाचा ठेवणे हे कारखान्याचेच काम आहे. आणि हंगाम संपल्यावर यार्ड मोकळेच पडलेले असते. तिथून गट ऑफिसपर्यंत एखादी छोटी धाव-सायकल-धाव ठेवली, साध्या सायकलींची, तर शाळेतली पोरे उड्या मारत येतील. ते पुढचे पुढे.

पट्टीचा आणि दिव्याचा ठराव मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी लेखी देणार आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदक म्हणून त्या सभासदांना विचारले, तर म्हणाले, "सही करतो दादा, पण सभा सकाळी लवकर ठेवू नका. त्या येळंला मी रस्त्यावर असतोय."