सुट्टीत पोरं कुठं बसवायची?



गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या वरवंडहून पुण्याला, एका कचेरीत अर्थशास्त्राच्या इंटर्नशिपला गेला. दोन महिने शेतीचेच आकडे जुळवले. आल्यावर विचारलं, "आपल्या उसाला एकरी खर्च किती?" गप्पच! (खरं तर मलाही नीट सांगता आलं नसतं.)

नदीपलीकडं शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक हॅरॉल्ड मान व कानिटकर यांनी घरोघरच्या कर्जासकट तपासलं. पुस्तक निघालं १९२१ साली. मग पट्टा पडल्यावर अशी पोरं आपल्या शेतकी खात्यात का बसू नयेत? बेणं, खत, पाणीपट्टी, सोसायटीचं व्याज धरून टनाला काय पडतं, ते बांधावर येऊन मांडावं. मात्र आपणही वही उघडावी, हातउसन्यासकट. संचालक मंडळानं येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा.

— एक सभासद, वरवंड