खंड्याची जात कोणती?

आमच्या घरी खंड्या आला त्याला आता दीड वर्ष होत आले. इंदिरानगरातील घरी येणाऱ्या पाहुण्याचा पहिला प्रश्न अजूनही ठरलेला असतो : "जात कोणती?" माणसाविषयी हा प्रश्न विचारताना हल्ली निदान जीभ अडखळते, कुत्र्याच्या बाबतीत तेवढाही संकोच नाही. खंड्याला सांगण्यासारखी जात नाही. एक कान उभा, दुसरा पडलेला. पाठीवर जर्मन शेफर्डची काळी झाक, पाय मात्र गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्याचे, बारीक आणि चपळ. शहराबाहेरच्या एका प्राणी-निवाऱ्यातून आम्ही त्याला आणले तेव्हा तो साडेचार महिन्यांचा होता. हे ऐकून पाहुणा जो "अच्छा" म्हणतो, त्यात सहानुभूती असते. यांना लॅब्रॅडॉर परवडला नसावा, असा तिचा अर्थ.

आपल्या मध्यमवर्गाची कुत्र्याची आवड बहुधा जाहिरातीतून ठरते. २००३ मध्ये एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग दिसला आणि पुढे गावोगावी पग आले. चपट्या नाकामुळे त्या जातीला उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते, ही गोष्ट जाहिरातीत नव्हती. अलीकडे बर्फाळ प्रदेशातले हस्कीही नाशिकच्या एप्रिलमध्ये कूलरसमोर जिभा काढून पडलेले दिसतात. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ हाउंड, राजपालयम या देशी जातींचा गौरव केला, तेव्हा बरे वाटले. पण तिथेही आपण शेवटी जातिवंतच शोधू लागलो. या मातीतल्या उन्हापावसाला सरावलेला साधा गावठी कुत्रा त्या यादीत कुठेच नव्हता.

हे लिहिताना मी स्वतःला त्यातून वगळत नाही. निवाऱ्यात मी गेलो तो उपकारकर्त्याच्या थाटात. एका अनाथ जीवाला घर देतो आहोत, तेव्हा चहा मिळेल, दोन कौतुकाचे शब्द मिळतील, अशी अपेक्षा होती. मिळाला तो छापील अर्ज. तेथील कार्यकर्ती मुलगी माझ्या कन्येच्याच वयाची. घर स्वतःचे की भाड्याचे? दिवसभर घरी कोण असते? गावी जाल तेव्हा कुत्रा कुठे राहील? निर्बीजीकरण करून घ्याल का? तीस वर्षे लोकांना प्रश्न विचारण्यात घालवलेल्या माणसाला असे प्रश्न आपल्यालाच आले की खटकतात. मी काहीसा चिडूनच उत्तरे देत होतो. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला : "काका, कुत्रा ताईंना हवा आहे. त्या शिकायला पुण्याला गेल्या की मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवले. आत आठ वर्षांचा एक देखणा लॅब्रॅडॉर बसला होता. एका सुशिक्षित कुटुंबाने बदली झाली म्हणून त्याला रात्री फाटकाला बांधून पोबारा केला होता. असे कितीतरी येतात, ती म्हणाली. निवारे केवळ रस्त्यावरच्या कुत्र्यांनी भरत नाहीत, ते आपल्या हौसेनेही भरतात, हे मला तेव्हा कळले. आम्ही त्या दिवशी रिकाम्या हातांनी परतलो. घरात तीन दिवस चर्चा झाली. पुढची बारा-चौदा वर्षे पहाटे कोण उठणार, हे ठरल्यावरच चौथ्या दिवशी पुन्हा गेलो.

प्रश्न आईचा होता. वय ऐंशीच्या पुढे, सोवळे कडक. देवघराच्या उंबऱ्याच्या आत तो येणार नाही, एवढ्या अटीवर तिने मान्यता दिली. वर म्हणाली, "पितृपक्षात कुत्र्याचे पान घेऊन गल्लीभर हिंडायला नको." नावही तिनेच सुचवले. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी तिने संगम माहुलीला पाहिलेली. पहिल्या तीन रात्री तो रडला. दोन चपला आणि एक दिवाळी अंक त्याने फस्त केला. लशी वेळेवर झाल्या, सातव्या महिन्यात निर्बीजीकरणही झाले.

धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार दिला, ही कथा आपण मुलांना सांगतो. ते कुत्रे हस्तिनापुरापासून पांडवांच्या मागे चालत आले होते, एवढे व्यासांनी सांगितले. त्याची जात सांगितलेली नाही. आपल्याकडच्या पांजरपोळांचा इतिहासही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. पाठोपाठ १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आदींच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. आज पांजरपोळ म्हटले की आपल्याला फक्त गाय आठवते. गोसेवेला आपण श्रद्धेने दान देतो, ते योग्यच. कुत्र्यांचे निवारे मात्र बहुतांशी काही तरुण मुलामुलींच्या खिशातून आणि वर्गणीतून चालतात.

भटक्या कुत्र्यांमुळे संतापलेल्या पालकांना निर्दय ठरवण्यातही अर्थ नाही. जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात मुलांचे प्रमाण मोठे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभर दोन तट पडले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावे. रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्र्यांना ही सवलत नाही. त्या आदेशातील एका सूचनेची चर्चा फारशी झाली नाही. प्राणिप्रेमींनी दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करावा, आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची. निवाऱ्यातल्या त्या मुलीने मला वेगळे काय विचारले होते? रोज संध्याकाळी चौकात बिस्किटे टाकून पुण्य जोडणाऱ्यांना आणि पालिकेला शिव्या घालणाऱ्यांना, दोघांनाही तो अर्ज एकदा भरून पाहायला लावला पाहिजे. अर्ज भरून कुत्रा न घेता परतणाराही काही वाईट करत नाही. फाटकाला बांधून जाणाऱ्यापेक्षा तो शतपट बरा.

गेल्या जूनमध्ये कन्या पुण्याला गेली. पहाटेची आणि रात्रीची फेरी आता माझी. पावसात ती अजिबात सुखाची नसते. गेल्या महिन्यात लशीच्या निमित्ताने निवाऱ्यात गेलो होतो. तो लॅब्रॅडॉर अजून त्याच पिंजऱ्यात आहे. वय झाले म्हणून त्याला पाहायलाही कोणी येत नाही.