विधेयक, राज्यपाल आणि मुदतीचा प्रश्न

विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपाल किती काळ अडवून ठेवू शकतात, या प्रश्नाला 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून दोनदा उत्तर मिळाले आणि दोन्ही उत्तरे सारखी नव्हती. नागरी सेवा परीक्षेच्या उमेदवारांची गल्लत होते ती येथेच.

तमिळनाडूच्या प्रकरणात 8 एप्रिलला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपाल व राष्ट्रपती यांना कालमर्यादा घालून दिली आणि रखडलेल्या दहा विधेयकांना अनुच्छेद 142 खाली संमती मिळाल्याचे मानले. त्यानंतर राष्ट्रपतींनी अनुच्छेद 143 अन्वये 14 प्रश्न न्यायालयाकडे पाठविले. 20 नोव्हेंबरला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय घटनापीठाने मत दिले : न्यायालय अशी मुदत ठरवू शकत नाही आणि गृहीत संमतीही राज्यघटनेत बसत नाही.

एवढेच पाठ केले तर उत्तर अर्धे राहते. संमती देणे, विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणे, किंवा संमती रोखून ते अभिप्रायासह परत पाठविणे, असे तीनच मार्ग घटनापीठाने मान्य केले. परत न पाठविता नुसते रोखून धरणे त्यात नाही. दीर्घ व अकारण विलंब झाल्यास 'निर्णय घ्या' एवढाच मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकते. 'दीर्घ' म्हणजे किती, हे मोकळेच राहिले. पाच वर्षांची मुदत असलेल्या सरकारला हा प्रश्न किरकोळ नाही. गंमत अशी, की अनुच्छेद 201 मध्ये परत आलेल्या विधेयकाचा फेरविचार करण्यास विधिमंडळाला सहा महिन्यांचे बंधन आहे; राष्ट्रपतींना मात्र कोणतेच नाही.