खुंट कोणाचा, डोळा कोणाचा?

आज १ जुलै. पुसद तालुक्यातल्या गहुली गावी १९१३ साली याच दिवशी वसंतराव नाईक जन्मले, म्हणून राज्यभर हा दिवस कृषिदिन म्हणून पाळला जातो. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सवही याच आठवड्यात येतो. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात आज सकाळपासून शाळांच्या पटांगणात, तहसील कचेऱ्यांच्या आवारात आणि पांदण रस्त्यांच्या कडेला खड्ड्यांभोवती माणसे उभी असतील. फोटो निघतील, आकडे वर कळवले जातील. खड्ड्यात उतरणारे रोप कुठून आले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आज तेवढेच विचारायचे आहे.

बियाण्यातली फसवणूक या जिल्ह्याला नवी नाही. कपाशीचे बियाणे बोगस निघाले तर आठ-दहा दिवसांत शेत सांगते. बोंडे धरली नाहीत तर दिवाळीपर्यंत कळते. हंगाम बुडतो, पण हिशेब त्याच वर्षी होतो. रोपाचे तसे नाही. संत्र्याचे कलम लावल्यावर भरीव पीक हाती यायला पाच-सहा वर्षे जातात. जात निराळी निघाली किंवा कलम मुळाशी रोग घेऊनच आले, हे उमगेपर्यंत पावती हरवलेली असते आणि विकणारा कधीकधी धंदाच बदलून मोकळा झालेला असतो. म्हणून रोपवाटिकेचा धंदा हा मुळात शब्दाचा धंदा आहे. गिऱ्हाईक जे विकत घेते ते त्याला दिसत नसते.

विदर्भाला हा धंदा शिकवला संत्र्याने. रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्रा नागपुरास आणला, असे सांगितले जाते. त्याची झाडे वाढली ती कलमे करणाऱ्यांच्या हातांनी. जंबेरीचे बी गादीवाफ्यावर टाकायचे, रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की सालीला चीर द्यायची आणि निवडक झाडाच्या फांदीवरचा एक डोळा तीत बसवून बांधायचा. खाली एकाचे मूळ, म्हणजे खुंट; वर दुसऱ्याचे फळ. अमरावती जिल्ह्यातले शेंदुरजना घाट या कामासाठी नावाजले आणि वरुड-मोर्शीच्या पट्ट्यातून कलमे चहूकडे गेली. या कारागिरीत एक साधा नियम आहे. डोळा जमिनीपासून निदान नऊ इंच वर हवा, कारण डिंक्या रोगाची बुरशी मातीत असते आणि ओली माती जोडाला लागली की झाड आज ना उद्या खचते. पण उंच डोळा बांधायचा तर खुंट जास्त दिवस वाढवावा लागतो. तेवढी वाट बघणारा कलमवाला आणि घाईने खालीच डोळा बांधून मोकळा होणारा कलमवाला, दोघांचीही रोपे विक्रीच्या दिवशी सारखीच हिरवी दिसतात. नागपूरला १९८५ साली आलेल्या लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रानेही रोगमुक्त माती, पिशवीतले रोप आणि खात्रीचे मातृवृक्ष यांवरच भर दिला.

कायदाही याच अनुभवातून आला. नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली, अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच साली फळरोपवाटिका व फळझाडांच्या विक्रीचे नियमन करणारा कायदा राज्याने केला. परवाना घ्या, प्रत्येक खुंट आणि प्रत्येक डोळा कुठून आणला याची नोंद ठेवा, मातृवृक्ष निरोगी राखा, रोपाला जातीची चिठ्ठी लावा, असे तो सांगतो. वाटिकेत काय चालावे याची इतकी नेमकी जाण असलेला कायदा पन्नास वर्षांहून अधिक काळ पुस्तकात आहे. त्याची व्याप्ती मात्र फळझाडांपुरती आहे. शोभेचे झाड आणि जंगली झाड त्याच्या कुंपणाबाहेर राहिले.

आणि पुढची वाढ नेमकी कुंपणाबाहेरही झाली. यवतमाळ सागाचा जिल्हा. वनखात्याच्या वाटिकांत वर्षभर वाढवलेले सागाचे रोप उपटून, शेंडा छाटून, बोटभर जाडीची जडी करून ती लावणे ही इथली जुनी रीत. जडी मोळी बांधून नेता येते, पण बाकीच्या झाडांना माती लागते. काळ्या पॉलिथिनच्या पिशवीने तो प्रश्न सोडवला. रोप मातीसकट गाडीत चढू लागले आणि ठोक व्यापाराला पाय फुटले. सामाजिक वनीकरण विभाग १९८२ मध्ये आला, शेतकऱ्यांनी खात्यासाठी रोपे वाढवण्याच्या किसान रोपवाटिका आल्या. निलगिरी आणि सुबाभूळ यांची चलती झाली. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली, तशी कलमांना एकाएकी सरकारी गिऱ्हाईक मिळाले. मागणी एका पावसाळ्यात वाढते. मातृवृक्ष वाढायला दहा वर्षे लागतात. मधली फट कशाने भरली गेली असेल, ते सांगायला नको.

आज यवतमाळ, वणी किंवा पुसदच्या रस्त्याकडेला हिरवी जाळी लावून बसलेल्या नर्सऱ्या पाहिल्या, तर त्यातल्या कितीतरी वाढवण्याच्या जागा नाहीत, उतरवण्याच्या आहेत. देशभरातल्या अशा दुकानांचा मोठा पुरवठा आंध्रातल्या कडियममधून होतो. राजमहेंद्रीजवळच्या या गावांना गोदावरीच्या कालव्यांचे बारमाही पाणी आहे, हवेत ओल आहे आणि पिढ्यांची कसबी माणसे आहेत. पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनचा पट्टाही असाच बहरला. त्यांच्या कष्टांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दमट हवेत सावलीला वाढलेले रोप राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पांढरकवड्याकडे येते, तेव्हा त्याच्यासमोर पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारा उन्हाळा आणि भेगाळणारी काळी जमीन असते. गाडीतली मर चिल्लर विक्रेत्याच्या डोक्यावर, आवारातली मर गिऱ्हाईकाच्या. म्हणून विक्रेता भाव वाढवतो, गिऱ्हाईक घासाघीस करते आणि पुढच्या खेपेला आणखी स्वस्त माल येतो. तो विक्रेता लबाड आहे असे नाही. खुंट कोणाचा नि डोळा कोणाचा, हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

यातून आणखी एक गोष्ट घडते. गावात कोणती झाडे दिसावीत, हे वृक्षारोपण समिती ठरवत नाही; ठोक वाटिकेची यादी ठरवते. छाट कलमाने झटपट आणि स्वस्तात होणारा कोनोकार्पस असाच शहराशहरांत पोचला आणि २०२३ मध्ये गुजरातला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. उलट मोहाचे बघा. या जिल्ह्यातल्या कोलाम आणि गोंड घरांचे पोट ज्या झाडाने सांभाळले, ते रस्त्याकडेच्या नर्सरीत शोधून सापडत नाही. मोहाचे बी साठवून टिकत नाही. पडले की ताजेच पेरावे लागते. कडुनिंबाचेही तेच. चारोळीचे कवच टणक, उगवण बेभरवशाची. ही झाडे वाढवायला जंगल जवळ लागते आणि बी कधी पडते हे ठाऊक असलेली माणसे लागतात. या दोन्ही गोष्टी ठोक बाजारात मिळत नाहीत. यवतमाळात मात्र आहेत.

सरकारी मोहिमांनी हे ओळखायला हवे होते. राज्याने २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात २ कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले; पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. चार पावसाळ्यांत आकडा सोळापटीहून अधिक वाढला. कमरेएवढे, उन्हाला टिकेल असे रोप तयार करायला मात्र तेव्हाही वर्ष-दीड वर्ष लागत होते आणि आजही लागते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? यवतमाळच्या मातीतच सुभाष शर्मा यांनी झाड, माती, पाणी आणि पक्षी यांचा मेळ घालून शेती उभी केली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून घ्यायचा धडा हाच, की झाडाचा हिशेब खड्ड्यांनी करायचा नसतो.

मग करायचे काय? पहिले, १९६९ च्या कायद्याची शिस्त शोभेच्या आणि जंगली रोपांनाही लावावी. निदान रोप कुठे वाढले एवढे तरी चिठ्ठीवर असावे. दुसरे, सरकारी मागणी दीड वर्ष आधी आणि लेखी नोंदवावी, म्हणजे गावातले बचत गट आणि छोटे रोपवाटिकाधारक उसनवारी न करता रोपे तयार करू शकतील. पिशव्या भरण्याचे, झारीने पाणी घालण्याचे काम आजही बहुतांश बायकाच करतात. मजुरीबरोबर धंद्याची मालकीही त्यांच्याकडे यावी. तिसरे, सोळाही तालुक्यांत निवडक मोह, चिंच, गावरान आंबा, बिजा यांचे मातृवृक्ष नोंदवून राखावेत. कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र आणि वनखाते यांनी मनावर घेतले तर हे जमण्यासारखे आहे.

एक काम मात्र सरकारची वाट न पाहता करता येईल. या पावसाळ्यात रोप विकत घ्याल तेव्हा भाव विचारण्याआधी ते कुठे वाढले ते विचारा. कलम असेल तर जोड मातीपासून किती वर आहे ते वीत लावून बघा. आणि पावतीवर जात, खुंट आणि तारीख लिहून घ्या. लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडून रोप घेऊ नका.