दाराजवळची जागा

प्रवचनाला नियमाने येणारी एखादी भगिनी एके दिवशी पुढची रांग सोडून दाराजवळ बसू लागते. पुढे तिचे येणेच कमी होते. यात्रेच्या बसमध्ये जागा राखून ठेवली तरी ती गुडघेदुखीचे कारण सांगते. खरे कारण वेगळेच असते. खोकला आला, हसू आले, पाण्याने भरलेली बादली उचलली की लघवीचे चार थेंब गळतात आणि वस्त्र ओले होते. हे ती सुनेला सांगत नाही, डॉक्टरांनाही नाही. ‘बाळंतपणे झाली, वय झाले, आता हे चालायचेच’ अशी तिने मनाची समजूत घातलेली असते. हा त्रास अनेकींना होतो हे खरे. पण तो निमूटपणे सोसलाच पाहिजे, हे मात्र खरे नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढील हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते, तसेच मूत्रमार्ग व गुदद्वार मिटून धरण्यास साहाय्य करते. गर्भारपणात आणि प्रसूतीत ती ताणली जाते. रजोनिवृत्ती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, स्थूलता, नित्य जड ओझी उचलणे यांनीही ती दुर्बल होते. मग लघवी वा वायू आवरत नाही. कधी अंग बाहेर आल्यासारखे वाटते. प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो.

हे स्नायू हातापायांच्या स्नायूंप्रमाणेच व्यायामाने बळकट होतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामाविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. म्हणून आजही त्यास ‘केगेल व्यायाम’ म्हणतात. पण नाव ठाऊक असणे निराळे आणि कृती साधणे निराळे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करावयास सांगितले. जवळजवळ निम्म्या जणींनाच तो उत्तम साधला. सुमारे एक चतुर्थांश जणींची पद्धत तर गळती वाढविणारी ठरू शकेल अशी होती. ऐकीव माहितीवर विसंबू नये, ते यासाठीच.

या विषयाचे प्रशिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट प्रथम सर्व हकिकत विचारते. पाणी किती, लघवी किती वेळा, याची नोंद ठेवावयास सांगते. स्नायूंची शक्ती पाहण्यासाठी कधी आतून तपासणी करावी लागते; ती रुग्णाच्या संमतीनेच होते आणि तिला नकार देण्याचा अधिकार रुग्णास असतो. संकोच वाटल्यास स्त्री तज्ज्ञच हवी असे आधी सांगावे.

व्यायामाची रीत साधी आहे. गुडघे दुमडून पाठीवर निजावे. वायू आणि लघवी दोन्ही एकाच वेळी रोखावयाची आहेत, अशा रीतीने ते स्नायू आत व वर ओढावेत. श्वास रोखू नये. नितंब व मांड्या आवळू नयेत. खाली जोर तर मुळीच देऊ नये. काही क्षण धरून तितकाच वेळ सैल सोडावे. ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक वेळी निदान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने असा क्रम ठेवावा लागतो. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देऊ नये. शिंक वा खोकला येण्यापूर्वी हे स्नायू आवळण्याची सवयही उपयोगी पडते. लघवी करताना मध्येच धार रोखण्याचा सराव मात्र करू नये.

गळतीच्या भीतीने अनेकजणी पाणीच कमी पितात. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाचा क्षोभ वाढतो आणि बद्धकोष्ठताही बळावते. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम असलेल्यांनी दिवसभरात थोडे थोडे करून पुरेसे पाणी घ्यावे. शौचाच्या वेळी कुंथू नये.

प्रत्येक तक्रारीवर स्नायू आवळणे हा उपाय नव्हे. काहींचे स्नायू मुळातच ताठरलेले असतात. त्यांना सैल सोडणे शिकावे लागते. लघवीत रक्त, जळजळ, वेदना, लघवी अडणे अशी लक्षणे असतील तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे. व्यायामाने भागले नाही तर औषधे व शस्त्रक्रिया यांचाही मार्ग मोकळा असतो.

घरातील वडीलधारी स्त्री बाहेर जाणे टाळू लागली, तर तिच्या गुडघ्यांनाच दोष देऊन थांबू नये. लेकीने वा सुनेने एकांतात, हलक्या स्वरात एकदा विचारावे. वर्षानुवर्षे दडवलेले दुखणे कित्येकदा त्या एका प्रश्नाचीच वाट पाहत असते.